ओपन सोर्स प्रकल्पाचा रेपो दुसरीकडे हलवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी योगेश अशा जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचं एक छोटं टूल आम्ही चार जण सांभाळतो. गेल्या वर्षी त्याचा रेपो, म्हणजे जुन्या इतिहासासकट सगळा कोड, गिटहबवरून कोडबर्गवर नेला; दोन्ही कोड ठेवायच्या साइट आहेत. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतं, "आम्हालाही हलायचंय, काय काय करावं लागतं?" तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळा आला, म्हणून हे पान. आमचा प्रकल्प लहान आहे. मोठ्या प्रकल्पांनी काय केलं ते जिथे ठाऊक आहे तिथे सांगितलंय, बाकी सगळं आमच्याच चुकांमधून आलेलं.

मुळात हलायचंच कशाला? चाललंय ते चालू द्यावं की.

बऱ्याच जणांसाठी हेच उत्तर बरोबर आहे. "सगळे चाललेत म्हणून" हलू नका.

पण कधीकधी जागा देणाराच दुकान बंद करतो. गूगल कोड २००६ मध्ये सुरू झालं. मार्च २०१५ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं, ऑगस्टमध्ये तिथे नवीन काही लिहिता येईनासं झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्येच गेलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ मध्ये. बिटबकेट तर चालू आहे, पण जे मर्क्युरियल (गिटसारखंच, कोडमधले बदल नोंदवत जाणारं टूल) घेऊन ते २००८ मध्ये सुरू झालं होतं, त्याच मर्क्युरियलचा आधार त्यांनी जुलै २०२० मध्ये काढून टाकला. घरमालक तोच, पण तुमची खोली पाडली, असा प्रकार.

आपल्या जवळचं उदाहरण लोहित फॉन्टचं. लिनक्सवर मराठी वाचलं असेल तर लोहित देवनागरी तुमच्या डोळ्यांखालून गेलेला आहेच. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. हा प्रकल्प फेडोरा या लिनक्सवाल्यांच्या फेडोराहोस्टेड साइटवर होता. ते २०१७ मध्ये बंद झालं आणि लोहित त्यांच्याच पगूर साइटवर गेला. पुढे फेडोराने डिसेंबर २०२४ मध्ये पगूर सोडून फोर्जेओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. फॉन्टातलं एकही अक्षर न बदलता पत्ता बदलत राहतो तो असा.

दुसरं कारण म्हणजे दार दुसऱ्याच्या हातात असणं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून भारतात ३२ पत्ते ब्लॉक झाले. त्या यादीत सोर्सफोर्ज होतं, गिटहबचं गिस्ट, म्हणजे कोडचे तुकडे ठेवायची जागा, तेही होतं. बंदी लवकर उठली, पण ज्यांचं काम त्या दिवशी अडलं ते अडलंच. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या गिटहब वापरणाऱ्यांची खाती मर्यादित झाली. त्यात कोणी कोडमध्ये गैर काही केलं होतं असं नव्हतं.

आमचं कारण मात्र इतकं थोर नव्हतं. कोडबर्ग बर्लिनमध्ये नोंदलेली, नफ्यासाठी न चालणारी एक संस्था चालवते, हे दोघांना आवडलं. तिसऱ्याला आवडलं ते तिथलं पान हलकं आहे म्हणून. तो संगमेश्वरला घरी असतो तेव्हा मोबाइलला रेंजच्या दोनच कांड्या असतात. चौथ्याने, म्हणजे मी, विरोध केला होता.

कुठे जावं?

फार विचार करण्यासारखं नाही, पर्याय मोजकेच आहेत. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग, सोर्सहट, किंवा स्वतःचा सर्व्हर. मोठे प्रकल्प स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब चालवतात: लिनक्सच्या जगातले नोम आणि डेबियन २०१८ पासून, केडीई २०२० पासून. झिग ही प्रोग्रॅमिंग भाषा नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून कोडबर्गवर गेली. कोडबर्गवर फक्त मुक्त परवान्याच्या कामाला जागा आहे. क्लायंटचा बंद कोड तिथे टाकायचा विचार असेल तर तो सोडा.

जायच्या आधी एकच तपासा: तिथून *बाहेर पडायला* वाट आहे का? इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या चुका आणि सूचना), टिप्पण्या, लेबलं उतरवून घेता येतात का? आत यायची सोय सगळेच देतात.

स्वतःच्याच सर्व्हरवर का ठेवू नये?

ठेवा, पण आधी हे वाचा.

२०२१ मध्ये एका वेगळ्या प्रकल्पासाठी मी हा उद्योग केला होता. एका परदेशी कंपनीकडे सर्वांत स्वस्त सर्व्हर घेतला, त्यावर गिटी (स्वतःचं छोटं गिटहब चालवायचं सॉफ्टवेअर) चढवलं, छान चाललं. पैसे दरमहा कार्डावरून आपोआप कापले जायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला आणि त्या महिन्याची वसुली बँकेने परतवली. कंपनीचे दोन मेल आले, दोन्ही स्पॅममध्ये पडून राहिले. दिवाळीच्या सुट्टीत घरी फराळ खाताना फोन आला, "अरे, साइट उघडत नाहीये." तोवर सर्व्हर पुसलेला होता. बॅकअप रोज रात्री होत होता, त्याच डिस्कवर.

कोड वाचला, कारण गिटची पूर्ण प्रत दोघांच्या लॅपटॉपवर होती. इश्यू मात्र डेटाबेसमध्ये होते, ते कायमचे गेले. तोवर लोकांनी कळवलेल्या चुका, त्यांनी पाठवलेले नमुने, "हे असं का केलं" याची चर्चा, सगळं. त्या दिवशी मला कळलं की गिट फक्त अर्ध्या प्रकल्पाची काळजी घेतं.

आता आणखी एक डोकेदुखी आहे. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट प्रत्येक कमिटचं (नोंदवलेल्या बदलाचं), प्रत्येक फाइलचं, प्रत्येक जुन्या आवृत्तीचं पान उघडत सुटतात. २०२५ मध्ये नोमलासुद्धा आपल्या गिटलॅबपुढे अनुबिस नावाचा पहारेकरी बसवावा लागला, जो आधी ब्राउझरला एक गणित सोडवायला लावतो आणि मगच पान दाखवतो. तुमच्या एक जीबी मेमरीच्या सर्व्हरचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

कोड हलवायला किती वेळ लागतो?

आम्हाला अकरा मिनिटं लागली, त्यातली चार पासवर्ड शोधण्यात गेली.

गिटमधून गिटमध्ये जात असाल तर क्लोन करताना, म्हणजे पूर्ण प्रत उतरवताना, मिरर हा पर्याय द्यायचा, नव्या ठिकाणी रिकामा रेपो तयार करायचा, आणि तिथे पुन्हा मिरर पर्यायानेच पुश करायचं, म्हणजे वर चढवायचं. सगळ्या ब्रँच (कामाच्या फांद्या), सगळे टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) एकदम जातात. नुसता साधा क्लोन करून पुश केलात तर बहुधा एकच ब्रँच जाते आणि टॅग मागे राहतात. हे लोकांना सहा महिन्यांनी, जुनं रिलीज शोधताना कळतं. (थांबा! रिकामा रेपो तयार करण्याआधी इश्यूंबद्दलचं उत्तर वाचा. आम्ही नेमके तिथेच फसलो.)

पुश करताना मध्येच लाल ओळी दिसल्या तर घाबरू नका. मिरर क्लोनमध्ये गिटहबच्या पुल रिक्वेस्टचे (इतरांनी घ्यायला सुचवलेल्या बदलांचे) अंतर्गत संदर्भही उतरतात आणि काही ठिकाणी ते नाकारले जातात. ब्रँच आणि टॅग गेले असले की झालं.

सगळं नीट पोचलं का हे बघायला फाइलन् फाइल ताडून पाहायची गरज नसते. प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये (त्याच्या मजकुरावरून काढलेल्या ठशात) त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश धरलेला असतो. म्हणून दोन्हीकडच्या मुख्य ब्रँचच्या शेवटच्या कमिटचा हॅश सारखा असेल, तर त्यामागचा सगळा इतिहास तंतोतंत तोच आहे. हीच तपासणी प्रत्येक ब्रँचसाठी करा.

फाइलींची देवनागरी नावं बिघडली! उलट्या रेघा आणि आकडे दिसतायत.

बिघडलेली नाहीत. आमच्या चाचणीच्या फाइलींना "जोडाक्षरे", "रफार" अशी नावं आहेत. हलवल्यानंतर एका सहकाऱ्याने यादी काढली तर नावांच्या जागी तीन-तीन आकड्यांची माळ. रात्री साडेअकराला त्याने ग्रुपवर टाकलं, "सगळं करप्ट झालंय, परत फिरवा."

गिट आपणहोऊन इंग्रजीबाहेरची अक्षरं अशीच दाखवतं. नावं आत शाबूत असतात. गिटच्या सेटिंगमध्ये "कोट पाथ" म्हणून एक बटण आहे, ते बंद केलं की देवनागरी दिसायला लागते. त्याने लॅपटॉप नवीन घेतला होता आणि जुन्यावर हे बटण कधीकाळी बंद केलेलं होतं, एवढीच गोष्ट.

आम्ही अजून सबव्हर्जनवर (गिटच्या आधीच्या टूलवर) आहोत. हे सगळं लागू पडतं का?

नाही, तुमचं काम वेगळं आणि मोठं आहे. सबव्हर्जनमधून किंवा मर्क्युरियलमधून गिटमध्ये येताना प्रत्येक कमिटची ओळख बदलते. "आर ४१२ मध्ये दुरुस्त केलं" (म्हणजे ४१२ नंबरच्या बदलात) असं जुन्या संदेशात लिहिलेलं असेल तर तो ४१२ आता कुठेच नसतो. लेखकांची यादीही हाताने करावी लागते, कारण सबव्हर्जनमध्ये नुसतं लॉगिनचं नाव असतं आणि गिटला नाव व ईमेल दोन्ही हवं असतं. जीसीसी कंपायलर जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनवरून गिटवर आला तेव्हा कोणत्या रूपांतरावर भरवसा ठेवायचा यावरच भरपूर खल झाला होता. घाई करू नका. आणि जुना सबव्हर्जन सर्व्हर बंद करायच्या आधी त्याची संपूर्ण प्रत काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

इश्यूंचं काय होतं?

मन लावून वाचायचं उत्तर हे आहे.

इश्यू गिटमध्ये नसतात, त्या त्या प्लॅटफॉर्मच्या डेटाबेसमध्ये असतात. ते आणायचे की नाही हा पहिला प्रश्न. न आणणं हाही रास्त मार्ग आहे. फायरफॉक्सचा कोड २०२५ मध्ये गिटहबवर गेला, पण चुकांची नोंद बगझिलावरच राहिली. पायथॉनने तर हे दोन टप्प्यांत केलं. गिटहबवर जायचं १ जानेवारी २०१६ ला जाहीर झालं, कोड प्रत्यक्ष १० फेब्रुवारी २०१७ ला हलला, आणि इश्यू त्यांच्या जुन्या ट्रॅकरवरून गिटहबवर आले ते एप्रिल २०२२ मध्ये! मधली पाच वर्षं कोड एकीकडे, इश्यू दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात लिहिलेला "बीपीओ" (जुन्या ट्रॅकरचं लघुरूप) आणि पुढे नंबर. शेवटी इश्यू हलले तेव्हा नंबर बदललेच, कारण गिटहबवर तोवर हजारो पुल रिक्वेस्ट झाल्या होत्या आणि तिथे इश्यू व पुल रिक्वेस्ट एकाच माळेतले नंबर घेतात. म्हणून जुना ट्रॅकर त्यांनी वाचण्यापुरता चालू ठेवला; तिथल्या पानावरून नव्या इश्यूवर जाता येतं.

ही नंबरांची गोष्ट किरकोळ वाटते. आमच्या कोडमध्ये एके ठिकाणी एक विचित्र अट आहे आणि तिच्या वर फक्त एवढी टीप होती: "#४१ पाहा."

#४१ म्हणजे आमच्या प्रकल्पातलं सर्वांत लांबलेलं भांडण. "दर्या" म्हणजे समुद्र, "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा र. युनिकोडमध्ये हा पापणीचा र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलात तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही. आम्ही कोणता द्यायचा? चौतीस टिप्पण्या, तीन जणांनी पाठवलेले छापील पानांचे फोटो, एक रुसवा, आणि शेवटी निर्णय: पहिला प्रकार, पण जोडकासकट आलेला मजकूर वाटेत गाळायचा नाही. ती विचित्र अट त्यासाठी होती. का, ते कोडमध्ये कुठेच नव्हतं. ते #४१ मध्ये होतं.

आता आमची चूक. फोर्जेओमध्ये, म्हणजे कोडबर्ग ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरमध्ये, गिटहबवरून सगळं आयात करायची सोय आहे: कोड, इश्यू, पुल रिक्वेस्ट, लेबलं, रिलीज, विकी. नंबर जसेच्या तसे राहतात, टिप्पणीवर मूळ लेखकाचं नाव दिसतं. पण ही आयात *नवा* रेपो तयार करतानाच होते. आम्ही उत्साहाच्या भरात आधीच रिकामा रेपो उघडून त्यात कोड टाकून बसलो होतो. मग मी म्हटलं, त्यात काय, स्क्रिप्ट लिहितो.

स्क्रिप्ट चालते का हे बघायला "चाचणी" नावाचा एक इश्यू उघडला. त्याने नंबर १ घेतला. तो डिलीट केला, पण गेलेला नंबर परत मिळत नाही. त्यात स्क्रिप्टने पुल रिक्वेस्ट वगळल्या, त्यामुळे प्रत्येक वगळलेल्या रिक्वेस्टगणिक नंबर खाली घसरत गेले. शिवाय सगळ्या टिप्पण्या माझ्या टोकनने (माझ्या खात्याच्या किल्लीने) गेल्या, म्हणून चार वर्षांचं सगळं बोलणं माझ्याच नावावर, एकाच मध्यरात्रीचं. मी स्वतःशीच कडाडून भांडतोय असं दिसत होतं. आणि "#४१ पाहा" वर टिचकी मारली तर उघडला हा इश्यू: "रीडमीमध्ये 'रूपांतर'चा रू ऱ्हस्व लिहिलाय."

दुसऱ्या दिवशी नवा रेपो पुसला, पहिल्यापासून आयात केली. तेव्हा गिटहबचं टोकन द्यायला विसरू नका. टोकनशिवाय गिटहब तासाला ६० च विनंत्या घेतं, टोकन दिलं तर ५,०००. विनाटोकन आयात मध्येच अडकते आणि आपण समोरच्याला दोष देत बसतो.

गिटलॅबवर जाणाऱ्यांसाठी एक वेगळी खूण: तिथे इश्यू आणि मर्ज रिक्वेस्ट (पुल रिक्वेस्टचंच तिथलं नाव) यांच्या नंबरांच्या दोन स्वतंत्र माळा असतात. इश्यूला # लागतो, मर्ज रिक्वेस्टला उद्गारचिन्ह. जुन्या टिपेतला #१२ हा मुळात पुल रिक्वेस्ट असेल, तर नव्या ठिकाणी #१२ वर तो सापडेलच असं नाही.

इश्यूमध्ये जोडलेले फोटो?

ते आले असं वाटतं, कारण दिसतात. खरं म्हणजे ते अजून जुन्याच सर्व्हरवरून दिसत असतात. हलला तो फक्त पत्ता. आमचे ३८ फोटो होते, बहुतेक जुन्या अंकांच्या पानांचे. एका शनिवारी सगळे हाताने उतरवले आणि रेपोतच एका फोल्डरमध्ये ठेवले. रिलीजसोबत जोडलेल्या झिप फाइलीही अशाच वेगळ्या तपासा, त्या गिटमध्ये नसतात.

उघड्या पुल रिक्वेस्टचं काय करायचं?

हलायच्या आधी संपवा. महिनाभर आधी सांगा की अमुक तारखेनंतर इथे काही मर्ज होणार नाही. ज्या घ्यायच्या त्या घ्या, ज्या घ्यायच्या नाहीत त्यांना स्पष्ट नकार द्या. आमच्याकडे एक रिक्वेस्ट दीड वर्ष लटकत होती. ती बंद करताना पाठवणाऱ्याने लिहिलं, "निदान आता तरी कोणी वाचली." त्याचं बरोबर होतं.

सगळ्या योगदान देणाऱ्यांची परवानगी लागते का?

कोडसाठी नाही. परवाना एमआयटी असो वा जीपीएल, प्रत कुठेही ठेवायची मुभा त्यातच आहे, आणि हलवल्याने ना परवाना बदलतो ना मालकी. इश्यूंमधलं बोलणं मात्र कोडच्या परवान्याखाली येतंच असं नाही. आम्ही कायद्याच्या भानगडीत न पडता साधी रीत पाळली: पंधरा दिवस आधी सर्वांना कळवलं, ज्याला आपली टिप्पणी न्यायची नसेल त्याने सांगावं. एकानेच सांगितलं. त्याने टिप्पणीत चुकून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता.

माझ्या प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन (गिटहबवर रोजचं काम दाखवणारे) जातील का? कॅम्पस प्लेसमेंट आहे.

हसू नका, आम्हाला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्यांपैकी निम्मे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. जुना रेपो डिलीट न करता आर्काइव्ह केला, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेवला, तर आधीचे चौकोन जागेवर राहतात. पुढचं काम नव्या ठिकाणच्या प्रोफाइलवर दिसेल, गिटहबवर नाही. बायोडेटात दोन्ही दुवे द्या. मुलाखत घेणाऱ्याने चौकोन मोजूनच निवड केली, तर ती नोकरी कशी असेल याचा अंदाज तुम्हाला आधीच आला असं समजा.

स्टार, म्हणजे लोकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणा, येत नाहीत. आमचे १४३ होते, नव्या ठिकाणी शून्यापासून सुरुवात. दोन दिवस वाईट वाटलं.

आणखी एक: ज्यांनी गिटहबचा झाकलेला ईमेल वापरून कमिट केले, त्यांचे कमिट नव्या खात्याला आपोआप जोडले जात नाहीत. नाव दिसतं, खातं दिसत नाही.

आपोआप चालणाऱ्या चाचण्या, म्हणजे सीआय?

गिटहब अ‍ॅक्शन्सच्या फाइली रेपोतच असतात, त्यामुळे त्या येतात. चालतील याची हमी नाही. फोर्जेओच्या अ‍ॅक्शन्स दिसायला तशाच आहेत, पण हुबेहूब नाहीत. गिटलॅबची मांडणी पूर्ण वेगळी. आमच्या तीन फाइलींपैकी एक तशीच चालली, एक दुरुस्त केली, तिसरी काय करते हे कोणालाच आठवेना, ती काढून टाकली. अजून कोणी तक्रार केलेली नाही.

गुप्त किल्ल्या हलवता येत नाहीत. गिटहबमध्ये एकदा साठवलेली किल्ली पुन्हा वाचता येत नाही, नवीनच करावी लागते. तुमच्याकडे पायथॉनचं पॅकेज असेल आणि पायपीआयवर (पायथॉन पॅकेजांच्या भांडारावर) ते टोकनशिवाय, विश्वासू प्रकाशकाच्या सोयीने जात असेल, तर ती सोय नेमक्या जुन्या रेपोच्या नावाशी बांधलेली असते. आम्हाला परत टोकनवर यावं लागलं. जुनी परवानगी काढून टाकायला विसरू नका. रिकाम्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवल्यासारखं होतं.

गो भाषेत लिहिणाऱ्यांनो, तुमच्या पॅकेजच्या नावातच गिटहबचा पत्ता असतो, तेव्हा तुमचं दुखणं आमच्यापेक्षा मोठं आहे. शक्य असेल तर याच वेळी स्वतःच्या डोमेनचं नाव घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास होणार नाही.

आधीपासून क्लोन असलेल्यांनी काय करायचं?

ओरिजिन या रिमोटचा पत्ता बदलायचा, बस. गिटमध्ये त्याला एक ओळ पुरते. नव्याने क्लोन करायची गरज नाही.

जुना रेपो डिलीट करावा का?

नाही. कधीच नाही.

गिटहबच्या आत नाव बदललं किंवा दुसऱ्या खात्याकडे दिलं, तर जुना पत्ता आपोआप नव्यावर नेतो. गिटहब सोडून बाहेर गेलात तर असं काही होत नाही. जुना रेपो पुसला तर लोकांना "सापडलं नाही" एवढंच दिसेल. म्हणून रीडमीच्या (रेपो उघडताच दिसणाऱ्या माहितीच्या फाइलीच्या) पहिल्या ओळीत नवा पत्ता लिहा, शेवटचा कमिट तोच असू द्या, आणि मग आर्काइव्ह करा. मराठीत लिहा आणि इंग्रजीतही.

काही जणांना जुन्या ठिकाणी आरसा प्रत ठेवायची असते, म्हणजे नव्या ठिकाणी पुश झालं की जुन्या ठिकाणीही आपोआप जातं. फोर्जेओमध्ये ती सोय आहे. फक्त एक लक्षात घ्या, आर्काइव्ह केलेल्या रेपोत पुश होत नाही. म्हणजे आर्काइव्ह किंवा आरसा, दोन्हीपैकी एकच. आरसा ठेवलात तर लोक तिथेच इश्यू आणि पुल रिक्वेस्ट टाकत राहतील, मग तुम्हाला दोन दुकानं सांभाळावी लागतील. आम्ही आर्काइव्ह केलं.

हलल्यावर माणसं कमी झाली का?

झाली. वाटेत सहज येऊन एखादी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून जाणारे कमी झाले, कारण त्यासाठी नवं खातं उघडायला कोण बसणार? नियमित काम करणारे सगळे आले. खातं उघडायचं नसेल त्यांच्यासाठी आम्ही एक ईमेल पत्ता ठेवलाय. त्यावर आलेलं आमच्यापैकी कोणीतरी इश्यूमध्ये चढवतं. महिन्याला दोन-तीन येतात, पण चांगली येतात. मागे एका निवृत्त प्रूफरीडरबाईंनी "ॲ" आणि "अ‍ॅ" यांच्यावर दोन पानी पत्र पाठवलं. त्यांनी गिटहबवर खातं कधीच उघडलं नसतं.

आणि #४१?

जागेवर आहे, नंबरासकट. पण आम्ही "#४१ पाहा" ही टीप काढली आणि त्याजागी दर्या-दऱ्याचा सगळा निर्णय सहा ओळींत कोडमध्येच लिहिला. त्या सहा ओळींचा मजकूर ठरवताना पुन्हा तेच भांडण झालं, अकरा टिप्पण्यांचं. ते आता #२०७ आहे.

सगळे जुने पत्ते बदलून झाले?

रीडमी, पायपीआय, विकी, आमच्या चौघांच्या ईमेलच्या सह्या, एवढे पहिल्या आठवड्यात झाले. दुसऱ्यांच्या पानांवरचे तेवीस पत्ते सापडले; त्यांना विनंतीचे मेल पाठवले, नऊ जणांनी बदलले.

एक मात्र बदलणार नाही. एका तालुक्यातल्या शिक्षक प्रशिक्षणात आमच्या टूलची माहिती असलेला एक पानी कागद वाटला होता. त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स अजून फिरतायत. परवा एका शिक्षकाने व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो पाठवला: खाली शाईने अधोरेखित केलेला गिटहबचा पत्ता, आणि बाजूला पेनाने लिहिलेलं, "इथे गेल्यावर वर निळ्या अक्षरात नवीन पत्ता आहे, तो दाबा."